आभाळाचं भाडं

"ऐकलंस काय गं?"

शेजारच्या आक्कांनी भिंतीवर कोपर टेकलं की समजायचं, बातमी ताजी आहे आणि निदान दोन चहांची आहे. मी वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावत होते. तशीच पुढं झाले.

"भाऊंचा पन्नासावा हाय न्हवं पुढच्या महिन्यात. यंदा डिजिटल लावणार न्हाईत म्हणं."

"काय सांगताय! मग?"

"आभाळात लावणार! रंकाळा तळ्यावर. दिव्याची इमानं उडवून. त्यात भाऊंचं नाव, भाऊंचं तोंड आणि खाली त्यांच्या त्या नव्या शोरूमचा पत्ता."

भाऊ कोण, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. इथं प्रत्येक गल्लीला एक भाऊ असतो, आणि त्याच्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी गल्लीच्या तोंडाशी डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्स, उभं राहतं. मध्यभागी गॉगल घातलेले भाऊ, भोवती शुभेच्छुकांचे चेहरे, त्यात दोन-तीन अशी तान्ही पोरं की ज्यांना भाऊ कोण हे कळायला अजून पाचसहा वर्षं आहेत. आमच्या भाऊंचं गेल्या वर्षीचं डिजिटल एवढं मोठं होतं की आक्कांच्या दारातल्या जास्वंदीला दोन आठवडे ऊन मिळालं नाही. त्यामुळं यंदा ते आभाळात जाणार, हे ऐकून मला आधी बरंच वाटलं.

आक्कांना मात्र वाटलं नव्हतं. त्यांचे यजमान पेंटर. म्हणजे थिएटरवरचे बोर्ड रंगवणारे, दुकानांच्या पाट्या लिहिणारे, कुस्तीच्या मैदानाची जाहिरात भिंतीवर चढवणारे. या गावात पेंटर म्हटल्यावर लोक उगाच मान देत नाहीत. बाबूराव मेस्त्रींनी ते आडनावासारखं लावलं, 1920 साली 'सैरंध्री' काढला, आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही स्वतःच्या हातानं केली. त्या वाटेवरचे शेवटचे पांथस्थ म्हणजे आक्कांचे यजमान. डिजिटल प्रिंटिंग आलं आणि त्यांचे ब्रश माळ्यावर गेले. फ्लेक्स छापून आणणाऱ्यांवर आक्कांचा राग अजून तसाच आहे. आता त्यात आणखी एकाची भर पडत होती.

"ह्यांनी भिंत रंगवली तर भिंतवाला पैसे घेत होता," आक्का म्हणाल्या. "बोर्ड टांगला तर खांबवाला. आता आभाळात टांगायचं म्हटल्यावर भाडं कुणाला देणार सांग की. देवाला?"

प्रश्न चांगला होता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी विषय बदलायला "चहा टाकू का?" म्हणाले.

पण त्या आठवड्यात आक्कांचा नातू पुण्याहून आला होता. लेकीचा मुलगा. असे शो करणाऱ्या कंपनीत काम करतो, आणि त्याचं काम काय, तर शोच्या दिवशी मैदानावर दोरी धरून रांगा आखायच्या, त्या रांगांत ड्रोन मांडायचे, प्रत्येकाची बॅटरी तपासायची. शिकला आहे इंजिनिअरिंग. "वाकून वाकून कंबर गेली आज्जी," असं तो म्हणतो तेव्हा आक्कांना आपला नवरा शिडीवर उभा राहून मान मोडायचा ते आठवतं आणि त्या विरघळतात.

त्यालाच भिंतीपाशी बोलावलं.

"सोपं आहे मावशी," तो मला म्हणाला. "आज्जीची ठिपक्यांची रांगोळी असते ना, तीच उभी केलेली. फक्त ठिपके जागा बदलतात आणि रंगही बदलतात."

मग त्यानं जे सांगितलं ते मी इथं उतरवते, कारण आमच्या गल्लीत अर्ध्या लोकांना वाटतं की खाली दोनशे माणसं दोनशे रिमोट घेऊन बसलेली असतात. तसं नसतं. आधी कॉम्प्युटरवर सगळं चित्र हलतं करून घेतात. त्यातून प्रत्येक ड्रोनची स्वतःची वाट काढतात: कितव्या सेकंदाला कुठं, किती उंचावर, कोणत्या रंगात. ती वाट त्याच्या पोटात आधीच भरलेली असते. खाली एकदोन माणसं स्क्रीनवर नजर ठेवून असतात, सुरू करतात, आणि बिनसलं तर उतरवतात. आपल्या मोबाइलमधलं जीपीएस चारपाच मीटर इकडंतिकडं चुकतं. तेवढं चुकून चालत नाही, कारण दोन ड्रोनमधलं अंतरच दीड-दोन मीटरचं. म्हणून मैदानात एका जागी पक्का अँटेना उभा करतात. त्याची जागा बरोबर ठाऊक असते, त्यामुळं उपग्रहाकडून येणारी चूक किती हे त्याला कळतं, आणि तो ती दुरुस्ती सगळ्या ड्रोनना सांगत राहतो. मग चूक सेंटिमीटरवर येते.

"आणि किती वेळ उडतंय?" आक्का.

"दहा-बारा मिनिटं धर. बॅटरीच तेवढी."

"दहा मिनिटं! अरे, भाऊंचं नुसतं स्वागताचं भाषणच अर्धा तास चालतंय."

दिल्लीतला तो मोठा ड्रोन शोही दहाच मिनिटांचा होता. 29 जानेवारी 2022 ला बीटिंग रिट्रीटच्या वेळी विजय चौकावर एक हजार ड्रोन एकदम उडवले, दिल्ली आयआयटीतून निघालेल्या बॉटलॅब डायनॅमिक्स या कंपनीनं. तोवर हजाराचा थाट चीन, रशिया आणि ब्रिटनलाच जमला होता. ड्रोन इथंच बनवलेले. त्यानंतर पंधरवड्याच्या आतच सरकारनं परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली. सुटे भाग आणायला मुभा ठेवली. म्हणजे आता कुणी आभाळात बोर्ड लावला तर तो निदान स्वदेशी असेल, हे समाधान.

"आणि आपल्या पाण्यावर पण झालंय आज्जी," नातू म्हणाला. "ऑक्टोबर 2024 ला विजयवाड्यात, कृष्णेच्या घाटावर, साडेपाच हजार ड्रोन. पाच गिनीज रेकॉर्ड."

"आपल्या पाण्यावर कसं?"

"पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते की नाही? मग पुढं कुठं जाते?"

आक्कांचा चेहरा असा झाला की जणू आपण इथं भांडी घासलेलं पाणी तिकडं रेकॉर्ड करून आलं. त्या पाच रेकॉर्डांत एक सगळ्यात मोठ्या बोधचिन्हाचंही होतं, हे ऐकून मात्र त्या पुन्हा भाडं-भाडं करू लागल्या.

तेवढ्यात समोरचे काका दुधाची पिशवी घेऊन येत होते. काका पालिकेत कारकून होते, निवृत्त झाले, पण कायदा अजून निवृत्त झालेला नाही. चप्पल न काढता ते भिंतीशी उभे राहिले, म्हणजे अडकले.

"कोण म्हणतं आभाळाला कायदा नाही? अहो, महानगरपालिकांच्या कायद्यात आकाशचिन्ह म्हणून वेगळं कलमच आहे. 244. आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय लावता येत नाही."

"ते छतावरच्या होर्डिंगचं असेल काका," मी म्हटलं.

"छतावरचं आहेच. पण पुढं वाचा. फुगा, पॅराशूट किंवा तत्सम साधन जाहिरातीसाठी वापरलं तर तेही आकाशचिन्हच. 1949 चा कायदा आहे! तेव्हा तुमचा ड्रोन कुणाच्या स्वप्नात नव्हता, पण लिहिणाऱ्यानं 'तत्सम' म्हणून दार उघडं ठेवलंय." काकांनी 'तत्सम' असं काही उच्चारलं की आयुष्यभर सांभाळलेली फाइल शेवटी उपयोगी पडली.

मला हे ऐकून खरंच गंमत वाटली. पुणे महापालिकेत आकाशचिन्ह विभाग आहे हे ठाऊक होतं; त्या पाटीखालून जाताना मला नेहमी वाटायचं की आत कुणीतरी नक्षत्रांची नोंद ठेवत असेल. तर ते फुग्यांसाठी होतं! आणि फुगे होतेच की. साड्यांचं नवं दुकान निघालं की गच्चीवर दोरीला बांधलेला तो मोठा गॅसचा फुगा, त्यावर दुकानाचं नाव, वाऱ्यानं फिरून कायम 'सेल'मधला 'ल'च आपल्याकडं.

काका सुटले होते. "आणि हे झालं पालिकेचं. वर विमानवाल्यांचं वेगळं. ड्रोनचे नियम 2021 चे. चालू विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी. आठ ते बारामध्ये दोनशे फुटांच्या वर जायचं असलं तर परवानगी. उजळाईवाडीचा विमानतळ कुठं आणि आपण कुठं? राजारामपुरी, शाहूपुरी सगळं आठच्या आत. रंकाळा म्हणाल तर टेप लावूनच बघावं लागेल."

"राजाराम महाराजांनी विमानतळ बांधला 1939 ला," आक्का म्हणाल्या, "तो काय भाऊंचा बर्थडे अडवायला व्हय!" हे त्या भाऊंच्या बाजूनं बोलल्या की विरुद्ध, मला अजून उलगडलेलं नाही.

नातवाकडं मात्र कायद्यापेक्षा मोठी अडचण होती. भाऊंचं बजेट दोनशे ड्रोनांचं. दोनशे ठिपक्यांत काय काय बसवायचं? त्यानं आक्कांच्या दारातल्या फरशीवर खडूनं दाखवलं. देवनागरी लिहायची म्हणजे शिरोरेषेतच कितीतरी ठिपके जातात. इंग्रजी आय एका काठीत होतो, आपल्या 'भाऊ'मधल्या 'ऊ'ला शेपटी, वळसा, वर पुन्हा रेघ. जोडाक्षर आलं की संपलंच. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य दोनशेत बसत नाही. 'हार्दिक'चा रफार लटकत राहतो. म्हणून कंपनीवाले नाव सोडून चित्रं घ्या म्हणतात: ज्योत, मोर, कमळ.

"आणि तोंड?" आक्कांनी विचारलं. पेंटरच्या बायकोचा प्रश्न.

"तोंडाला दोनशे कमीच पडतात आज्जी. बाह्यरेषा येईल. गॉगल येईल."

"मिशी?"

तो थांबला. "मिशीला दहा-बारा देता येतील."

"दहा ठिपक्यांत भाऊंची मिशी!" आक्का हसून हसून भिंतीला टेकल्या. "ह्यांनी एकदा एका सिनेमाच्या बोर्डावर व्हिलनची मिशी दोन दिवस रंगवली होती. तिसऱ्या दिवशी पाऊस आला, मिशी वघळली, तर हे पुन्हा शिडीवर. दहा ठिपके!"

पण खरी मेख पुढं होती, आणि ती ऐकून काकांनी दुधाची पिशवी खाली ठेवली. ड्रोनचं चित्र असं सपाट, उभं असतं. समोरून बघितलं तर नाव वाचता येतं. बाजूनं बघितलं तर नुसती दिव्यांची काठी. आणि मागून बघितलं तर अक्षरं उलटी. म्हणजे रंकाळ्याच्या या काठावर भाऊंचं नाव सुलटं आणि पलीकडच्या काठावर उलटं. पलीकडं कोण राहतं? भाऊंचे ते विरोधक, ज्यांचं डिजिटल गेल्या गणपतीत भाऊंच्या डिजिटलपेक्षा दोन फूट मोठं निघालं होतं.

"म्हणजे भाऊ स्वतःच्या पैशानं त्यांच्याकडं उलटे लटकणार," काका समाधानानं म्हणाले.

"चित्र हळूहळू फिरवता येतं," नातवानं सांगितलं. "सगळ्यांना आळीपाळीनं सुलटं दिसतं."

"मग निम्मा वेळ आमच्याकडं उलटं," आक्का.

परदेशात हा धंदा आता नीट मुरला आहे, असं नातवानं सांगितलं. 2021 च्या एप्रिलमध्ये शांघायच्या आभाळात दीड हजार ड्रोननी क्यूआर कोड काढला. लोकांनी खाली रस्त्यावर उभं राहून मोबाइल वर धरले आणि एका व्हिडिओ गेमचं पान उघडलं. 2022 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये कँडी क्रशच्या दहाव्या वाढदिवसाला पाचशे ड्रोन उडाले. बघा, वाढदिवसच! तिथले तेव्हाचे राज्य सिनेटर ब्रॅड हॉयलमन यांनी जाहीर आक्षेप घेतला की खाजगी नफ्यासाठी शहराचं आभाळ असं वापरणं बरं नव्हे. न्यूयॉर्क शहरात ड्रोन उडवायला बंदी होती, म्हणून ते नदीपलीकडच्या न्यूजर्सीतून उडवले.

हे ऐकल्यावर काकांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे उचगावातून उडवायचे आणि कोल्हापुरात दाखवायचे! ग्रामपंचायतीची हद्द. इथं हद्दवाढीचा घोळ वर्षानुवर्षं चाललाय, त्याचा कुणाला तरी फायदा होऊ दे."

मी म्हटलं, पण काका, न्यूयॉर्कच्या त्या आक्षेपात तथ्य आहे की नाही? भिंतीवरची जाहिरात नको असेल तर मी दुसऱ्या रस्त्यानं जाते. टीव्हीवरची लागली तर उठून पाणी पिते. पेपरात आली तर पान उलटते. आभाळातली कशी टाळायची? गच्चीवर पापड वाळत घालायला गेले तरी भाऊ, रंकाळ्यावर भेळ खायला गेले तरी भाऊ. पोराला चांदोबा दाखवायला घेऊन गेले तर शोरूमचा पत्ता. मला ड्रोनचं वावडं नाही. महाकुंभात 2025 च्या जानेवारीत अडीच हजार ड्रोननी समुद्रमंथन दाखवलं, त्याचे व्हिडिओ मी स्वतः चार जणींना पाठवले. चित्र दाखवलं तर मान वर करून बघेन. दुकान दाखवलं तर त्याचे पैसे कुणीतरी मोजून घ्यावेत आणि त्यातून माझ्या गल्लीतला दिवा तरी लावावा, एवढंच. गेल्या पावसापासून गेलाय तो.

"आणि पडलं तर?" आक्कांनी एकदम विचारलं.

नातू गप्प झाला. त्याच्या धंद्यात हा प्रश्न कुणाला आवडत नाही. मग त्यानं सांगितलं. 2021 च्या ऑक्टोबरात चीनमध्ये झेंगझोऊला एका मॉलच्या शोमध्ये ड्रोन टपाटप खाली आले, माणसं डोक्यावर हात धरून पळाली. 2024 च्या डिसेंबरात अमेरिकेत ऑर्लँडोला तळ्यावरच्या नाताळच्या शोमध्ये ड्रोन भरकटले, एक सात वर्षांच्या मुलाच्या छातीवर आदळला, त्याचं हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं. म्हणून चांगली कंपनी प्रेक्षकांच्या डोक्यावरून कधी नेत नाही. मोकळं मैदान किंवा पाणी बघते, मध्ये अंतर सोडते, आणि वारा वाढला की शो रद्द करते, मग पाहुणा कितीही मोठा असो.

"भाऊ रद्द करू देतील?" काकांनी विचारलं. यावर कुणी काही बोललं नाही. घाटकोपरचं होर्डिंग 2024 च्या मे महिन्यात वादळात पडलं, सतरा माणसं गेली. चाळीस बाय चाळीस फुटांच्या जागी एकशेवीस बाय एकशेवीस उभं होतं ते. आमच्याकडंही गणपतीच्या मिरवणुकीत लेझरचे झोत डोळ्यांवर मारून झालेत, आणि माणसं डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेल्यावरच बंदीचं नाव निघालं. आपल्याकडं आधी दणका, मग डोळ्याला पट्टी, मग परिपत्रक, हा क्रम ठरलेला आहे.

आक्का मात्र वेगळ्याच दिशेनं निघाल्या होत्या. "आपल्या गावाला दिव्यांचं काय अप्रूप? त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे पंचगंगेच्या घाटावर जा. पणत्या लावायला पोरं रात्रभर जागी असत्यात. वारा आला की विझतंय, पुन्हा लावतंय. कुणाचं नाव असतंय त्यात?"

"मंडळाचा बोर्ड असतो आक्का," मी म्हटलं. "कमानीला."

"असू दे. पाण्यात तर नसतंय." मग जरा थांबून, "आणि अंबाबाईचा किरणोत्सव घे. नोव्हेंबरात नऊ, दहा, अकरा, आणि जानेवारी संपताना पुन्हा तीन दिवस. मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येतंय, पहिल्या दिवशी पायावर, मग छातीवर, मग तोंडावर. वाटेत कुणाच्या बिल्डिंगचा एक कोपरा आला तर सगळं गाव बोंबलतंय. का? ऊन कुणाच्या बापाचं न्हाई म्हणूनच की. मग रात्रीचं आभाळ तेवढं भाऊंच्या बापाचं?"

काकांनी मान डोलावली. निवृत्त कारकुनाला कलमापलीकडचं पटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढचं सगळं मग भिंतीवरून भिंतीवर असंच कळत गेलं. नातवानं आपल्या कंपनीकडून भाऊंना कोटेशन दिलं. रक्कम लाखांत होती. पण भाऊ रकमेला बिचकले नाहीत. ते बिचकले परवान्यांच्या यादीला आणि 'हवामान प्रतिकूल असल्यास कार्यक्रम रद्द' या ओळीला. वाढदिवस रद्द होतो म्हणजे काय? वय थांबतं का? आणि उलट्या नावाची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. कुणी पोचवली हे आक्का सांगत नाहीत.

शेवटी भाऊ स्वतः आले. भिंतीपाशीच. आत या म्हटलं तर "न्हाई आक्का, घाईत हाय" म्हणत अर्धा तास उभे राहिले. काकांनी त्यांना कलम 244 ऐकवलं. होर्डिंगला जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागतं, तर आभाळाचं कुणाकडून आणणार, असंही विचारलं. भाऊ गडबडले.

"माझं घ्या की," आक्का म्हणाल्या. "माझ्या गच्चीवरनं दिसणार हाय. मी सही देते. पण अटी हायत."

"सांगा आक्का."

"नऊच्या आत आटपायचं, पाखरं झोपत्यात. शोरूमचा पत्ता आभाळात न्हाई, तो खाली पत्रिकेत छापा. चित्र दाखवा, पंचगंगेचा घाट दाखवा, तालमीतला पैलवान दाखवा, आम्ही टाळ्या वाजवू. आणि तुमचं तोंड दाखवायचंच असलं तर मिशीला पन्नास ठिपके. त्याच्या खाली सही न्हाई."

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि नातवाला विचारलं, पन्नास मिशीला दिले तर बाकीच्या तोंडाला किती उरतात. हिशोब सुरू आहे. तोवर भाऊंनी खबरदारी म्हणून वीस बाय तीसचं एक डिजिटल छापायला टाकलंय, आणि त्याची बांबूची चौकट परवापासून आक्कांच्या जास्वंदीला टेकवून ठेवली आहे.